कागदावर असंच लिहितात

माझं अक्षर चांगलं आहे. हे मी माझ्या तोंडानं सांगत नाही, नगरकडच्या कर्जतला आमच्या गल्लीत कुणालाही विचारावं. ग्रामपंचायतीला नळासाठी अर्ज करायचा असो, तहसीलला दाखला मागायचा असो, नाहीतर विहाराच्या कार्यक्रमाचं पत्रक काढायचं असो, माणसं कोरा कागद घेऊन माझ्याच दारात यायची. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका होते. अक्षर वळणदार, शुद्धलेखन पक्कं, आणि मुख्य म्हणजे अर्जाची भाषा मला यायची. 'उपरोक्त विषयास अनुसरून', 'सबब', 'स्वखुशीने व राजीखुशीने' असले शब्द माझ्या पेनातून सहज उतरायचे आणि समोरचा माणूस वाचून मान डोलवायचा. मला त्याचा तोरा होता. त्या तोऱ्यापायी माझ्या धाकट्या बहिणीची पोरगी तिच्या हातून गेली, असं मी म्हणते. घरातले म्हणतात, तुझा काय दोष, निकाल कोर्टानं दिला. पण कोर्टापुढं जो कागद होता तो मी लिहिलेला होता.

बहीण माझ्याहून सहा वर्षांनी लहान. दहावी झाली, टायपिंगचा क्लास लावला, तो पुरा व्हायच्या आत स्थळ आलं. मुलगा सुप्याच्या एमआयडीसीत परमनंट, गाव तिथून जवळच, घरची थोडी शेती. नव्वदीची सुरुवात होती. परमनंट हा शब्द ऐकला की आमच्याकडं मुलीचे बाप पुढचं ऐकायचेच नाहीत. माझे वडील पोस्टात होते, आम्ही त्यांना दादा म्हणायचो. त्यांनी एवढंच विचारलं, मुलगा पितो का? नाही म्हटल्यावर लग्न ठरलं. आमच्याकडं नवरा वाईट ठरायला दारू लागते. हा माणूस पूर्ण शुद्धीत मारायचा.

आधी दार लावायचा, मग रेडिओ मोठा करायचा. मारून झालं की हात धुवायचा आणि ताट वाढ म्हणायचा. बहिणीनं मला हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तिच्या लग्नाला दोन वर्षं होऊन गेली होती आणि मुलगी सहा महिन्यांची होती. मी चिडले. तिच्यावरच चिडले, आधी का बोलली नाहीस म्हणून. माझा स्वभावच तसा आहे, राग येतो कुणाचाही आणि निघतो जवळ असलेल्या माणसावर.

पुढच्या तीन वर्षांत ती तीनदा मुलीला कडेवर घेऊन कर्जतला आली. तिन्ही वेळा दोन दिवसांत तो मोटरसायकलवर मागोमाग आला. दारात चपला काढायचा, दादांच्या पाया पडायचा आणि म्हणायचा, मला हिच्याशी भांडायचं नाही, मला माझी पोरगी पाहिजे, पोरीशिवाय मला घास गिळत नाही. शेजारपाजारचे ऐकायचे. बाप असावा तर असा, असंही एकदा कुणीतरी म्हणालं. तिसऱ्या वेळी मी स्वयंपाकघरात चहा करत होते आणि मागच्या अंगाला, पाण्याच्या टाकीपाशी, फाडकन आवाज आला. मी मागं गेले. तो पाठमोरा उभा होता, मुलगी त्याच्या एका हातावर, दुसरा हात नुकता खाली आलेला. बहीण पदरानं कान दाबून उभी होती आणि मुलगी बापाच्या कडेवरून तिच्याकडं बघत होती. साडेतीन वर्षांची पोर, पण रडली नाही, हू की चू केलं नाही. मी ते बघितलं आणि परत आत येऊन चहा गाळला. पाव्हणा घरात होता.

तेव्हा दादांनी ठरवलं की हे असं चालायचं नाही, रीतसर बैठक घ्यायची. दादांचा रीतीवर आणि लिहिलेल्या शब्दावर फार विश्वास. भिंतीवरच्या फोटोकडं बोट करून ते म्हणायचे की आपल्याला जे मिळालं ते कायद्यानं मिळालं, हाणामारीनं नाही. बैठक विहारात झाली. त्यांची पाच माणसं, आमची पाच. सुरुवातीला सगळ्यांनी हात जोडून त्रिशरण-पंचशील म्हटलं. खोटं बोलणार नाही, हे त्यातलं चौथं शील. मीही म्हटलं, डोळे मिटून, सगळ्यांच्या वरच्या आवाजात, कारण शाळेतल्या बाईचा आवाज तसाच लागतो. त्यानंतर तासाभरानं मी लिहायला बसले.

आमच्यात पद्धत अशी की तडजोड झाली की कागद मुलीकडच्यांनी लिहायचा. आपण नमतं घेतलं, आपलं मन साफ आहे, हे त्यातून दिसावं म्हणून. आणि त्यात जावयाला कमीपणा येईल असा शब्द घालायचा नाही, कारण मुलीला परत त्याच घरात जायचं असतं. त्यांच्याकडचे एक निवृत्त तलाठी सांगत होते आणि मी लिहीत होते. किरकोळ गैरसमज झाला होता असं लिहा, ते म्हणाले. मी लिहिलं. मुलीची काही तक्रार नाही असं लिहा. मी लिहिलं. तिथं वाक्य संपत होतं. पण मला ते अपुरं वाटलं, कागदाला वजन आलं नाही असं वाटलं, म्हणून मी माझ्याच मनानं पुढं जोडलं: 'तसेच आजपावेतो मला पतीकडून कोणत्याही प्रकारचा शारीरिक अगर मानसिक त्रास झालेला नाही.' तलाठ्यांनी वाचलं आणि म्हणाले, वा बाई, वकिलाला जमायचं नाही असं लिहिलंत. मला बरं वाटलं. आता लपवून काय करू, मला खरंच बरं वाटलं.

सहीसाठी कागद बहिणीपुढं ठेवला. तिनं तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. सगळे तिच्याकडं बघत होते. ती माझ्याकडं वाकून हळूच म्हणाली, "ताई, हे खरं न्हाई."

"कागदावर असंच लिहितात," मी म्हटलं. "सही कर."

तिनं सही केली. कागदाच्या दोन प्रती झाल्या, एक त्यांच्याकडं गेली, एक दादांनी पेटीत ठेवली. दोन्ही माझ्याच हातच्या.

त्यानंतर आठ महिन्यांनी, एक दिवस उन्हं कलताना ती एकटीच दारात उभी राहिली. डाव्या हाताला कोपरापर्यंत प्लास्टर. मनगट मोडलं होतं. सकाळी सासू तिला तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेली होती. डॉक्टरांनी विचारलं, कशानं झालं? सासू अंगाला अंग लावून उभी. बहीण म्हणाली, ओसरीवरून पाय घसरला. केसपेपरवर ते तसंच उतरलं. प्लास्टर झाल्यावर सासू औषधाच्या खिडकीपाशी रांगेत गेली आणि बहीण बाकावरून उठून सरळ एसटी स्टँडवर आली. मुलगी त्या वेळी गावात बालवाडीत बसलेली होती. बहिणीला वाटलं, आधी आपण सुटू, पोरीला उद्या दादा जाऊन आणतील.

दादा आणि मी दुसऱ्या दिवशी गेलो. त्यांनी पोरगी आमच्या नजरेलाही पडू दिली नाही. आईनं टाकली, आता कशाला आलात, असं सासूनं अंगणातूनच सुनावलं. पोलीस चौकीत गेलो तर हवालदार म्हणाले, पोरगी हरवलेली नाही, बापाकडं आहे, तुम्ही कोर्टात जा. कोर्टात जा, हे ऐकून दादांचा चेहरा उजळला. इतके दिवस नुसती माणसं बोलत होती, आता कायदा बोलेल असं त्यांना वाटलं. मलाही वाटलं.

नगरला तेव्हा अशा भांडणांसाठी वेगळं कोर्ट नव्हतं. मुलीचा ताबा मागायचा अर्ज जिल्हा न्यायालयात लागायचा, बांधांच्या आणि वाटपाच्या दाव्यांच्या मधे कुठंतरी. सकाळची एसटी धरायची, मिरजगाववरून नगर, आणि अकराच्या आत व्हरांड्यातल्या बाकावर. पट्टेवाल्यानं पुकारा केला की आत जायचं, पुढची तारीख घ्यायची, बाहेर यायचं. कधी त्यांचे वकील आजारी, कधी न्यायाधीशसाहेब रजेवर, कधी साहेबांची बदली. पहिलं वर्ष असंच गेलं. मुलीला तारखेला आणत नसत. बहीण तरी दर वेळी तिच्यासाठी डबा करायची, गुळाच्या पोळ्या नाहीतर शेंगदाण्याचे लाडू, आणि परत येताना तो डबा तिच्या मांडीवर जसाच्या तसा असायचा. मी वैतागून म्हणायचे, अगं खा तरी, नाहीतर दे कुणाला. ती डबा दोन्ही हातांनी धरून खिडकीबाहेर बघत राहायची. त्या एसटीतल्या प्रवासात मी तिला किती टाकून बोलले असेन, ते आठवलं की आजही जीव नको होतो.

दीड वर्षानं साक्षी सुरू झाल्या. तोवर तिसरे साहेब आले होते. ते वाईट माणूस असते तर बरं झालं असतं. तसे ते नव्हते. सावकाश बोलायचे, बहिणीला बसायला खुर्ची द्यायला लावली, पाणी विचारलं. आमच्या वकिलांनी तिला आधी सांगून ठेवलं होतं की रडू आलं तर अडवू नका, रडलेलं बरं असतं. तिला रडू आलं नाही. सात वर्षं न रडण्याची सवय लावून घेतलेली बाई कोर्टात कशी रडणार? ती परवचा म्हणावा तशी उत्तरं देत राहिली.

त्यांच्या वकिलांनी विचारलं, किती तारखेला मारलं?

"शेंगा काढायला आल्या हुत्या तवा," ती म्हणाली. "आन् एकदा पोरीला गोवर निघाला हुता तवा."

तारीख सांगा, बाई. तिनं खरंच आठवून बघितलं, मला तिचा चेहरा दिसत होता. मग नाही म्हणून मान हलवली. तिथं साक्षीची रीत अशी की प्रश्नोत्तरं जशीच्या तशी उतरवत नाहीत, त्याचं एक वाक्य करून साहेब टायपिस्टला सांगतात. साहेबांनी सांगितलं: 'मला तारीख सांगता येणार नाही.' मारताना कुणी पाहिलं? दार लावलेलं असायचं. 'मारहाण करताना कोणी पाहिलेले नाही.' दवाखान्यात काय सांगितलंत? 'पाय घसरून पडल्याचे मी सांगितले, हे म्हणणे खरे आहे.' मुलीला घरी सोडून तुम्ही एकट्या निघून आलात ना? 'हे म्हणणे खरे आहे.' त्या दोन टाइप केलेल्या पानांत एक अक्षर खोटं नव्हतं. आणि वाचणाऱ्याला वाटावं की हिच्या अंगाला कुणी कधी बोट लावलं नाही.

त्याच्या साक्षीत तो रडला. पांढरा शर्ट, दाढी केलेली, हातात मुलीचं प्रगतिपुस्तक आणि गणवेशातला फोटो. बायको माहेरी गेली तेव्हा मी तीनदा कर्जतला गेलो, का, तर पोरीच्या ओढीनं, असं त्यानं सांगितलं. हे आमच्या वकिलांनाही खोडता आलं नाही. आला होताच तो तीनदा, आमच्याच दारात. प्रगतिपुस्तक साहेबांनी उलटून पाहिलं. मुलगी हुशार होती.

मग मी. मला भीती अशी काही नव्हती. मी शिकलेली, सरकारी नोकर, चार माणसांत बोलायची सवय. मी पाण्याच्या टाकीपाशी जे पाहिलं तेही सांगितलं, स्पष्ट आवाजात. त्यांचे वकील वयस्क होते, घाई न करणारे. त्यांनी विचारलं, मारताना पाहिलं? मी म्हटलं, आवाज ऐकला आणि लगेच गेले. म्हणजे मारताना नाही पाहिलं. बरं, मग तुम्ही काय केलंत? जावयाला जाब विचारला? पोलिसात गेलात?

"आत येऊन चहा गाळला," मी म्हणाले.

कोर्टात कुणीतरी हसलं. वकील हसले नाहीत. त्यांनी फायलीतून कागद काढला, तो साहेबांना दाखवला, मग माझ्या हातात दिला. हे अक्षर कोणाचं? मी बघितलं. बैठकीत लिहिलेला तोच कागद. तसं नव्हे की मी तो विसरले होते. पण तो विहारातला कागद होता, आपसातला, माणसांची मनं राखायला लिहिलेला. तो इथं येईल, पुरावा म्हणून त्यावर निशाणी क्रमांक पडेल, असं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. दादांच्या पेटीतली प्रत आम्ही आमच्या वकिलांनाही दाखवली नव्हती. अक्षर माझं, मी म्हटलं. वाचून दाखवा, ते म्हणाले.

मी वाचलं. वाचताना माझा आवाज आपोआप वर्गातला झाला, स्वल्पविरामाला थांबणारा. कोणत्याही प्रकारचा शारीरिक अगर मानसिक त्रास झालेला नाही. मी वर पाहिलं तर बहीण जमिनीकडं बघत होती. तिनं एकदाही माझ्याकडं बघितलं नाही, आणि बघितलं असतं तर मी काय केलं असतं कोण जाणे.

"तेव्हा खोटं लिहिलंत, का आज खोटं सांगताय?" वकिलांनी विचारलं.

"कागदावर असंच लिहितात, साहेब," मी म्हणाले. वकिलांना नाही, वर बसलेल्या साहेबांना म्हणाले. त्यांना मुलीबाळी असतील, त्यांच्याकडंही बैठका होत असतील, त्यांना कळेल असं वाटलं.

त्यांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नव्हे. "बाई, माझ्यापुढंही सगळं कागदावरच येतं," ते म्हणाले, आणि टायपिस्टकडं वळले. माझ्या साक्षीत शेवटचं वाक्य असं आलं: 'सदरचा मजकूर मी स्वतः लिहिलेला आहे. त्यातील शेवटचे वाक्य मला कोणी सांगितलेले नव्हते, हे म्हणणे खरे आहे.'

त्या दिवशी परतीच्या एसटीत मी तिची माफी मागायला हवी होती. मी आमच्या वकिलांना शिव्या घालत बसले, मला आधी का विचारलं नाही म्हणून. बहीण म्हणाली, जाऊ दे ताई. एवढंच.

शेवटी साहेबांनी मुलीला बोलावलं. दोन-अडीच वर्षांनी बहिणीनं तिला बघितलं. सहा वर्षं उलटून गेलेली, दोन वेण्या, लाल रिबिनी, उंच झालेली. बाप तिला घेऊन आला आणि साहेबांच्या खोलीच्या दाराशी सोडून बाहेर थांबला. आत ती आणि साहेब, आणि दाराशी एक बाई. आम्ही व्हरांड्याच्या या टोकाला, तो त्या टोकाला. वीस मिनिटं झाली असतील. ती बाहेर आली ती गालात गोळी घेऊन. आमच्यासमोरून जाताना तिनं आईच्या चेहऱ्याकडं पाहिलं नाही, तिच्या डाव्या हाताकडं पाहिलं. मग बापाचं बोट धरून गेली. सकाळी त्यानंच आणलं होतं, संध्याकाळी त्याच्याच घरी जायचं होतं. आत खरं बोलली असती तर रात्रीचं जेवण कुणाच्या हातचं होतं, हा प्रश्न कुणाच्या मनात आला होता की नाही मला माहीत नाही. माझ्या मनात तरी आला नाही. मी एवढाच विचार करत होते की पोरगी गोड हसून 'आईकडं' म्हणाली असेल.

निकाल आला तेव्हा कळलं, ती 'पप्पांकडं' म्हणाली होती. पप्पा आईला मारायचे का, या प्रश्नाला 'नाही' म्हणाली होती.

निकालात बहिणीला कुठंही वाईट म्हटलेलं नव्हतं. मारहाणीचं म्हणणं सिद्ध होत नाही. अर्जदाराच्या बहिणीनेच लिहिलेला कागद त्याच्या उलट आहे. नवरा-बायकोत काही खटके उडाले असतील, पण त्यावरून तो वडील म्हणून नालायक ठरत नाही. मुलगी शाळेत रमली आहे, तिला त्या घराची सवय झाली आहे, ती हलवणं तिच्या हिताचं नाही. ही सवय कशी झाली, अडीच वर्षं तारखांत गेली म्हणून झाली, हे लिहायला त्यात जागा नव्हती. आईला दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी दोन तास मुलीला भेटता येईल, कोर्टाच्या आवारात. दादांनी निकालाची नक्कल चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली आणि घडी घालून उशीखाली ठेवली. त्यानंतर त्यांनी आमच्या घरात कायदा हा शब्द उच्चारला नाही.

अपील करायची सोय होती, औरंगाबादच्या खंडपीठात, तीन महिन्यांच्या आत. आम्ही ते केलं नाही. लोक विचारतात, का केलं नाही. ते सांगते.

पहिल्या शनिवारी मुलीला तिची आत्या घेऊन आली. कोर्टातल्या एका रिकाम्या खोलीत दोन बाकं टाकलेली होती. आत्या दाराबाहेर बसली. मुलगी आधी बुजली, मग डबा उघडल्यावर जवळ सरकली. बहिणीनं तिच्या वेण्या सोडल्या आणि परत घातल्या, नुसतंच, वेळ लागावा म्हणून. मग ती पाणी भरून आणायला नळावर गेली. मी मुलीला विचारलं. विचारायचं नाही असं वकिलांनी बजावलं होतं, पण मी विचारलं. आत साहेबांना तू असं का सांगितलंस, बाळा?

तिनं आधी दाराकडं बघितलं. "मी तुमच्याकडं आले की पप्पा मला न्यायला येत्यात," ती म्हणाली. "आले की आईला मारत्यात. मी तिथंच ऱ्हायले तर येत न्हाईत."

आम्हा दहा मोठ्या माणसांना विहारात, आणि त्या सगळ्या काळ्या कोटांना कोर्टात, जे जमलं नव्हतं ते तिनं करून टाकलं होतं. आईचा मार थांबवला होता. त्यासाठी तिच्याकडं देण्यासारखं जे एकच होतं ते तिनं दिलं होतं. बहीण पाणी घेऊन आली, तशी मुलगी गप्प झाली आणि लाडू खायला लागली.

परत येताना मी बहिणीला सांगितलं. न सांगता राहवलं नाही, आणि खरं सांगायचं तर तेवढं ओझं एकटीनं वाहायची माझी ताकदही नव्हती. मिरजगावला एसटी थांबली. ती म्हणाली, "तिला सांगायला पायजे, मी आता भीत न्हाई म्हनून."

मधल्या महिन्यात मी वकिलांना भेटून आले. ते म्हणाले, मुलीनं तुमच्या कानात काय सांगितलं त्याला पुरावा म्हणत नाहीत. अपील करू, पण वरचे साहेबही मुलीच्या शब्दावरच जातील. ती स्वतः वेगळं सांगायला तयार असेल तरच काही आशा आहे. आता सगळं तिच्यावर होतं, सहा-सात वर्षांच्या पोरीवर.

पुढच्या महिन्यातल्या शनिवारी बहिणीनं तिला मांडीवर घेतलं. ती आता मांडीत मावत नव्हती, पाय खाली लोंबत होते. बहीण म्हणाली की साहेबांनी परत विचारलं तर मला आईकडं राहायचंय असं सांगशील का, घाबरू नकोस, मी कुणाला भीत नाही, दादा आहेत, मावशी आहे. मुलीनं सगळं ऐकून घेतलं. मोठं माणूस ऐकतं तसं, मधे न बोलता.

मग तिनं विचारलं, "आई, तुला आता कोन मारतं का?"

मी दाराकडं बघत उभी होते. मला कळलं की ही काय विचारतेय, आणि उत्तर काय येणार तेही कळलं. मी आयुष्यात इतकी खोटी वाक्यं वळणदार लिहून दिली, त्या क्षणी मला एक सुचलं नाही. आणि बहीण तर माझ्यासारखी नव्हतीच.

"न्हाई गं," ती म्हणाली. "आता कोनच मारत न्हाई."

"मग बरं," मुलगी म्हणाली. ती मांडीवरून उतरली, फ्रॉक खाली ओढून नीट केला, आणि आत्यानं हाक मारायच्या आधीच दाराशी जाऊन चपला घालायला लागली.